बेटाची रंगीत तालीम

३ ऑगस्ट, चंद्रपूर

निवड झाल्यातच जमा. पॅसिफिक महासागरातलं एक बेट. तीन महिने. व्हॉलंटियर म्हणून. बेटाचं नाव अजून नीट उच्चारता येत नाही, पण तिथे गेल्यावर येईल. संस्थेच्या फरहत मॅडमना विचारलं, तिथे नेमकं काम काय? म्हणाल्या, ते तिथले लोक ठरवतील. हा त्यांचा विनय. काम मी ठरवून ठेवलंय. बिहेवियर चेंज. हात धुण्यापासून सुरुवात, मग बेटाचा सर्वांगीण विकास.

किरकोळ अट एक आहे. आधी महिनाभर आपल्याच भागातल्या अशा गावी राहायचं, जिथे आपण परके आहोत. त्या गावाने 'पाठवा याला' असं म्हटलं तरच पुढची गोष्ट. मला धानोरा तालुक्यातलं येरमेटोला मिळालंय. जंगलातलं गाव. पण जिल्हा शेजारचाच, त्यात परकं ते काय? बेटाची रंगीत तालीम म्हणून जाऊन येतो.

अब्बांना सांगितलं. अब्बा कूलरच्या मोटरीत डोकं घालून बसले होते. डोकं बाहेर न काढताच म्हणाले, "और नहीं हुआ तो?"

नाही झालं तर काय, ते मला माहीत आहे. नाही झालं तर दुकानात बसायचं, कायमचं. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या भरात सगळ्या पाहुण्यांसमोर मी तसा शब्द दिलाय. 'खुर्शीद कूलर्स'. उन्हाळ्यात विक्री, बारा महिने रिपेअरिंग. मी एमएसडब्ल्यू झालोय. कूलरच्या ताट्यांत गवत भरायला माझा जन्म नाही. हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं लिहितोय.

५ ऑगस्ट, येरमेटोला

पोचलो. गाव छान. स्वागत जोरदार. भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो, "कवा आले? कवा जासान?" पहिला प्रश्न आस्थेचा. दुसरा त्याहून आस्थेचा.

मुक्काम नीलाबाईंकडे. वय सत्तरच्या पुढे असावं. गावात सगळे आपसात गोंडी बोलतात, मला कळत नाही. अंगणवाडीच्या निशाताई दुभाष्याचं काम करतात. नीलाबाईंना मराठी येते, पण त्या ती जपून वापरतात.

बॅग उघडली तर तळाशी पक्कड, टेस्टर, पाने आणि तांब्याच्या तारेचं बंडल. अब्बांनी गुपचूप टाकलेलं. इतक्या दूर आलो तरी दुकान मागे लागलंय. भयंकर राग आला. फोन करून सुनावणार होतो, पण रेंज फक्त गावाच्या शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली येते आणि तिथे आधीच चार जण उभे होते.

६ ऑगस्ट

पहिला सांस्कृतिक धक्का. नीलाबाईंनी पाणी दिलं, मी 'धन्यवाद' म्हणालो. त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. जेवण वाढलं, 'धन्यवाद'. पुन्हा अंगणात. संध्याकाळी निशाताईंनी खुलासा केला. इथे धन्यवाद फक्त साहेब लोक म्हणतात, तेही कार्यक्रम संपल्यावर, गाडीत बसताना. नीलाबाई त्यांना विचारत होत्या, "हा पोरगा दर घोटाले निरोप काऊन घेऊन राह्यला? गाडी तं येऊन नाई राह्यली."

ठराव: दिवसाला एकच धन्यवाद. शिष्टाचार सोडणार नाही.

७ ऑगस्ट

नीलाबाईंनी पाहुण्यासाठी कोंबडी करायचं ठरवलं. मी नम्रपणे सांगितलं की आमच्यात ठराविक पद्धतीने, अल्लाहचं नाव घेऊन कापलेलीच चालते, नाहीतर मी डाळभात खाईन. त्या थोडा विचार करून आत गेल्या आणि एक जिवंत कोंबडी नि सुरी माझ्या हातात दिली. "मंग तूच काप. तुह्या देवाचं नाव तुलेच येते."

युक्तिवाद बिनतोड होता. पण माझा आणि कोंबडीचा आजवरचा परिचय काळ्या पिशवीतला. ही कोंबडी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, आज शुक्रवार नाही. (शुक्रवारचा याच्याशी काही संबंध नाही, पण नीलाबाईंना ते माहीत नव्हतं.) कोंबडी सोडली. डाळभात खाल्ला.

८ ऑगस्ट

शुक्रवार आहे हे लक्षात आलं नव्हतं. नीलाबाईंच्या आलं. पोट दुखत असल्याचं सांगितलं. डाळभात.

९ ऑगस्ट

ग्रामसभेत पहिलं भाषण! विषय, हात धुण्याचे सात टप्पे. स्वतःच्या पैशाने छापलेला फ्लेक्स टांगला. मी तळमळीने बोललो. मग निशाताईंनी त्याचं गोंडीत भाषांतर केलं, ते दोन वाक्यांत संपलं. गोंडी ही अत्यंत मोजकी भाषा असावी.

शेवटी मी विचारलं, सगळ्यांना मान्य आहे ना? सगळे शांत. कोणी हूं की चूं केलं नाही. नोंद: एकमताने मान्य.

१० ऑगस्ट

बुधूभाऊ येऊन गेले. ग्रामसभेचं सगळं तेच बघतात. बोलणं शांत, विडी त्याहून शांत. म्हणाले, "सर, काल कोनी काईच बोललं नाई. म्हंजे ठरलं नाई." इथली पद्धत अशी की प्रत्येकाने तोंडाने 'हो' म्हणायचं. हात वर करायचे नाहीत, बहुमत मोजायचं नाही. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला. तो माणूस हो म्हणेपर्यंत बसायचं.

मी विचारलं, आणि माझ्या शिफारशीचं? म्हणाले, "ते बी तसंच."

अशा पद्धतीने देश कसा चालेल? पण मला चिंता नाही. मला नाही म्हणेल असा माणूस इथे कोण आहे!

१३ ऑगस्ट

हात धुण्याचा फॉलोअप घेतला. तेरा घरं फिरलो. सगळे हात धुतात, आधीपासूनच धुतात, राखेने. म्हणजे बिहेवियर आहे, चेंज नाही. काय करावं?

कोंबडी सध्या माझ्या बॅगेवर बसते. हाकलली की नीलाबाईंकडे तक्रार करते. मी मात्र ठाम आहे. येत्या शुक्रवारी नक्की कापणार.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. मला भाषण करायला मिळेल असं वाटलं होतं. बुधूभाऊंनी खाऊ वाटायला सांगितला.

शुक्रवार होता. पण राष्ट्रीय सणाला प्राणिहत्या योग्य नव्हे.

१६ ऑगस्ट

अंगणवाडीत पोषणावर सत्र ठेवलं होतं. पंखा बंद, पोरं घामाघूम, कोणी ऐकेना. सत्र व्हावं एवढ्याचसाठी स्टुलावर चढून बघितलं. कंडेन्सर गेला होता. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या टेबलफॅनचा काढून बसवला. फिरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि पंख्याखाली झोपून गेली. सत्र रद्द. निशाताई खूश. मी अजिबात नाही.

१९ ऑगस्ट

परवापासून पाऊस. नाला रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून वाहतोय, दुसऱ्या अंगाला नदी फुगलीय. बस बंद. चारी बाजूंनी पाणी. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी आत्ता उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर व्हॉलंटियर म्हणून काम करतोय. अनुभव कागदोपत्री धरला जावा, असं फरहत मॅडमना कळवायला हवं.

अडकल्यामुळे घाबरलंय असं गावात कोणीच दिसत नाही. दरवर्षीचं आहे म्हणतात. नीलाबाई वास्ते सोलत होत्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. भाजी आवडली. दिवसाचा धन्यवाद सकाळीच खर्च झाला होता म्हणून गप्प बसलो.

२० ऑगस्ट

गावात धान भरडायची मशीन एकच. तिची मोटर काल जळाली. धानोऱ्याला नेता येत नाही, रस्ता नाही. घरोघरी धान आहे, तांदूळ संपत आलाय. बायांनी मुसळं काढली.

माझी 'आपत्ती व्यवस्थापन' या विषयावर संपूर्ण तयारी होती. बुधूभाऊंना म्हणालो, आजच घेऊ. ते म्हणाले, "सर, ते मंग घेऊ. तुमच्या बॅगेत तांब्याची तार आहे मंते नीलाबाई." बाई माझी बॅग बघतात! प्रायव्हसी नावाची कल्पना इथे पोचलेली नाही. बेटावर गेल्यावर यावर वेगळं सत्र घ्यावं लागेल.

२१ ऑगस्ट

मोटर उघडली. एक गुंडाळी पार कोळसा. मोहाखाली जाऊन अब्बांना फोन लावला, किती फेरे द्यायचे विचारायला. अब्बा इतके खूश झाले की फेरे सांगायचे सोडून अम्मीला हाका मारायला लागले. मग एकदाचे सांगितले. मी बजावलं, की हे नाइलाजाने करतोय, उगाच गैरसमज नको. "हां हां, मजबूरी है," म्हणाले. हसत होते.

पडवीत बसून नवी तार गुंडाळून मोटर बांधली. अर्धं गाव भोवती गप्प बसून बघत होतं. माझ्या एकाही सत्राला एवढी हजेरी नव्हती. दुपार कशी गेली कळलं नाही. ढगाळ हवा होती, त्यामुळे असेल.

मशीन सुरू झाली. बाया धानाच्या टोपल्या घेऊन रांगेत. मी संधी साधून रांगेसमोर हात धुण्यावर थोडं बोललो. मशीनचा आवाज फार होता.

२४ ऑगस्ट

ग्रामसभा. माझी शिफारस हा विषय. एकेकाने तोंडाने सांगायचं. सुकलू हो. करिश्मा हो. गायता म्हणजे गावचा पुजारी, दसरू, तोही हो. सगळे हो हो म्हणत चालले होते, मी मनातल्या मनात विमानात बसलो होतो.

नीलाबाई म्हणाल्या, "नाई."

कारण विचारलं. सांगेनात. बुधूभाऊ म्हणाले, विषय पुढच्या बैठकीला. एवढंच! एका म्हातारीच्या नाहीपायी पॅसिफिक महासागर थांबला. ज्यांच्या घरी मी जेवतो, ज्यांच्या कोंबडीला मी आजवर हात लावला नाही, त्या माझ्याविरुद्ध? वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण मी वाजिद खुर्शीद शेख आहे, मी असा हटणार नाही.

२५ ऑगस्ट

नीलाबाई मन वळवणे मोहीम, पहिला दिवस. पाणी भरलं. वाटेत घागर फुटली.

२६ ऑगस्ट

सरपण आणलं. ओलं निघालं. घरभर धूर. नीलाबाई डोळे पुसत बाहेर बसल्या, मला वाटलं पाझर फुटला.

२७ ऑगस्ट

बेटाचे फोटो दाखवले. निळं पाणी, पांढरी वाळू. त्यांनी निरखून बघितले आणि निशाताईंना काहीतरी विचारलं. विचारलं ते असं, "इथी कोंबड्या आहेत का?" मी म्हणालो, असतील की. त्यांनी फोन परत दिला. तोंड अजूनच कडू केलं.

आता काय चुकलं माझं?

२८ ऑगस्ट

कळलं! निशाताईंकडून. नीलाबाई म्हणतात, "याले कोंबडी कापता येत नाई. दुसऱ्याची कापलेली खात नाई. इथी मी डाळ देतो. तिकडं समुद्राच्या मधात याले डाळ कोन देईन? पोरगं उपाशी मरन. मी हो म्हनणार नाई."

पहिली प्रतिक्रिया, संताप. मी काय लहान आहे? दुसरी प्रतिक्रिया लिहीत नाही. जरा वेळ नाल्याकडे जाऊन आलो.

उपाय सोपा आहे. त्यांच्यासमोर कोंबडी कापून दाखवायची. उद्या. शुक्रवारच आहे.

२९ ऑगस्ट

सुरीला धार लावली. दुआ पाठ केली. नीलाबाई, निशाताई आणि शेजारपाजार साक्षीला. कोंबडी स्वतःहून आली आणि सवयीने माझ्या मांडीवर बसली. मी "बिस्मिल्लाह" म्हणालो. तिने डोळे मिटले. झोपायला.

मी सुरीने कांदा कापला. मोठा कांदा होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याचं.

डाळभात.

३० ऑगस्ट

हार मानलेली नाही. सकाळी अब्बांचा फोन निशाताईंच्या मोबाईलवर आला, मोटर गरम होते का विचारायला. मी नदीवर होतो. फोन नीलाबाईंनी घेतला. मोहाखाली उभं राहून बराच वेळ बोलणं चाललं होतं म्हणे, त्या आपल्या मराठीत, अब्बा आपल्या हिंदीत. काय बोलले ते कोणी सांगत नाही. माझ्यावरचे आक्षेप एकत्र करत असणार. बाप तिकडून, बाई इकडून. अब्बांना तर मी दुकानात हवाच आहे.

उद्या शेवटची बैठक. दुपारी फरहत मॅडम फोन करणार, गावाचं उत्तर घ्यायला. उत्तर नाही तर बेट नाही. पाणी उतरलंय, दोन तारखेला माझी बस.

३१ ऑगस्ट, सकाळ

आश्चर्य! हर्ष! गावाने स्वच्छता मोहीम हाती घेतली! मी काहीही न सांगता! घराघरांतून झिजलेले झाडू, फाटकी सुपं, तुटक्या टोपल्या, केरकचरा बाहेर निघतोय. ढोल वाजतायत. महिनाभराच्या पेरणीला आज अंकुर फुटला. निशाताई म्हणाल्या, "सर, हे दरवर्षी होते. आज गावबांधणी आहे." काय असेल ते असो, वेळ बघा ना. मी नेतृत्व करायला निघालो.

३१ ऑगस्ट, दुपार. शिवेच्या पलीकडे

हे शेतातल्या खोपटात बसून लिहितोय. झालं ते असं.

मिरवणूक शिवेवरच्या मोहापर्यंत गेली. तिथे सगळ्यांनी आपापला कचरा शिवेपलीकडे भिरकावला. बुधूभाऊ मला म्हणाले, "सर, इथूनच फेका." मला तो आळस वाटला. असा ढीग टाकून परत जायचं? मी उडी मारून पलीकडे गेलो. ओला कचरा एकीकडे, सुका कचरा एकीकडे, रीतसर लावला. त्यात माझा हात धुण्याचा फ्लेक्सही होता. पावसाने रंग गेला होता, पण सन्मानाने आणला होता. तोही सुक्यात ठेवला. सगळे ओरडत होते. मला वाटलं, उत्साह.

वळून बघतो तर दसरू गायत्याने वाटेवर आडवी दोरी बांधलेली, तिला पानं लटकवलेली. मी दोरी उचलायला गेलो तर सगळे दोन पावलं मागे सरले. दसरू म्हणाला, "सर, गावची रोगराई बाहेर टाकली ना. तिच्यासंगं जे गेलं ते उद्या सूर्य निघेपावतर बाहेरच. आत घेतलं तं सारंच वापस येते."

म्हणजे झाडू, सुपं, रोगराई आणि मी.

मी निषेध नोंदवला. तळमळीने बोललो. निशाताईंनी भाषांतरच केलं नाही. मग बुधूभाऊंनी सगळ्यांना दोरीच्या गावाकडच्या बाजूला बसायला सांगितलं. म्हणाले, सर येऊ शकत नाहीत तर बैठक इथेच घेऊ, तसाही फोन इथेच लागतो. माझ्यासाठी अख्खी ग्रामसभा चिखलात बसली. नीलाबाईंनी पानाच्या द्रोणात भात वाढला आणि काठीने दोरीखालून माझ्याकडे ढकलला. कोंबडी दोरीखालून इकडे आली. तिला कोणी अडवलं नाही.

फरहत मॅडमचा फोन आला, स्पीकरवर. विचारलं, वाजिद कसा वाटला? बुधूभाऊ म्हणाले, "पोरगा बरा आहे. मोटर चांगली बांधते. पंखा चांगला करते. बोलते जास्त, पन आपन नाई आयकलं तरी रागावत नाई."

मी पलीकडून दुरुस्ती सुचवली, की बिहेवियर चेंजचाही उल्लेख व्हावा. वारा उलटा होता.

मग एकेक जण. हो. हो. हो. नीलाबाईंची पाळी आली. मी भाताचा घास तसाच धरून बसलो. महिना, बेट, दुकान, सगळं त्या एका म्हातारीच्या तोंडात होतं.

नीलाबाई म्हणाल्या, "याचा बाप बोलला काल माह्याशी. मनते, मासोळीले कापा लागत नाई याइले. पाण्यातून काढली का चालते. मले माईत नव्हतं. तिकडं चारी आंगानं पाणी, मासोळीच मासोळी. पोरगं उपाशी नाई राहत." मग माझ्याकडे बघितलं. "जाऊ द्या त्याले. हो."

झालो पास! एकमताने! शेवटी कामच बोलतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. अब्बांना मी दुकानात हवा होतो. बाईंचं नाही कायम राहिलं असतं तर मी आपोआप दुकानात आलो असतो. मग मासोळीचं त्यांनी सांगितलं कशाला?

२ सप्टेंबर, चंद्रपूर

काल सूर्य निघाल्यावर गावात घेतलं. आज बसने परत. निघताना नीलाबाईंना एक नीट, ठसठशीत धन्यवाद म्हणायचं ठरवलं होतं. आता गाडी खरंच उभी होती, आता तो बरोबर बसला असता. त्याही वाट बघत उभ्या होत्या. तोंडातून निघालाच नाही. बसची धूळ फार होती. चिखलात धूळ कुठून आली, ते मला विचारू नये.

कोंबडी बॅगेवर बसली होती. तिला उतरवून त्यांच्या हातात दिली.

घरी अब्बांना विचारलं, मासोळीचं का सांगितलं. अब्बा पंख्याचं पातं पुसत होते. म्हणाले, "बाई ने पूछा, लड़का भूखा तो नहीं रहेगा? अब झूठ बोलता क्या?"

८ सप्टेंबर

निवड पक्की!!! फरहत मॅडमचा फोन. बेटावरच्या लोकांनी माझ्याच नावावर बोट ठेवलंय. मी म्हणालो, साहजिक आहे, हात धुण्याचा माझा प्रस्ताव त्यांना भावला असणार. मॅडम म्हणाल्या, प्रस्ताव त्यांच्याकडे पाठवलेला नाही. बुधूभाऊ फोनवर बोलले तेवढं पाठवलं. बेटावरचं मासळी ठेवायचं बर्फाचं मशीन केव्हापासून बंद आहे, मोटर जळालीय. बोलणारे पुष्कळ येऊन गेले म्हणे. बांधणारा हवाय.

मी मॅडमना स्पष्ट सांगितलं की मी एमएसडब्ल्यू आहे. त्या म्हणाल्या, हो, पण त्यांना तेही चालेल.

९ सप्टेंबर

खूप विचार केला. जाणार. मशीन हे निमित्त, खरं काम माझंच.

१४ सप्टेंबर

पॅकिंग. मी नवा फ्लेक्स छापून आणला होता, इंग्रजीत. वजन जास्त झालं म्हणून अब्बांनी तो काढला आणि त्या जागी तारेची दोन बंडलं, इन्सुलेशनचा कागद आणि त्यांची स्वतःची पक्कड घातली. ती पक्कड त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिलेली नाही. मी ती बॅगेतून परत काढली नाही. मुद्दा वजनाचा होता.

अम्मीने सांगितलं म्हणून बाहेर जाऊन बघितलं. दुकानाचा बोर्ड पेंटर नव्याने रंगवतोय. 'खुर्शीद अँड सन'. खाली बारीक अक्षरात, 'परदेशी कामे घेतली जातील'. मी तीव्र विरोध नोंदवला. म्हणजे आत्ता, इथे, नोंदवतोय.

नीलाबाईंचा निरोप आला निशाताईंकरवी. कोंबडी अंडी द्यायला लागलीय. त्यांनी तिचं नाव वाजिद ठेवलंय.

१६ सप्टेंबर

बेटावरच्या प्रमुखांचा मेसेज, फरहत मॅडममार्फत. दोनच प्रश्न आहेत. कधी येणार? आणि मशीन झाल्यावर कधी जाणार?

मी उलट विचारलंय की दोन्हींच्या मध्ये माझी सत्रं घ्यायला त्यांची हरकत नाही ना. सविस्तर लिहिलं, सातही टप्प्यांसकट.

सकाळपासून काहीच उत्तर नाही. एकमताने मान्य.